टाइलच्या पाठीवर काय लिहिलेले असावे?

कुडाळच्या आमच्या घराच्या फाटकाशी चार वर्षांपूर्वी आम्ही आईच्या नावाची पाटी लावली. पांढऱ्या टाइलवर निळ्या रंगात नाव, भोवती वेलबुट्टी आणि कोपऱ्यात एक पोपट, अशी ती पाटी गोव्यातल्या एका दुकानातून ‘हाताने रंगवलेली आझुलेजो’, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची चित्रटाइल, म्हणून घेतली होती आणि त्या शब्दांची किंमतही मोजली होती. भिंत पश्चिमेकडची आहे. पहिल्याच उन्हाळ्यात निळ्याचा जांभळट झाला आणि दुसरा पावसाळा सरल्यावर पाटीच्या कडेचा पापुद्रा नखाने सुटू लागला. पापुद्र्याखाली कारखान्यातून आलेली कोरी पांढरी टाइल होती.

पुढच्या खेपेला मी दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की चित्र हातानेच काढलेले आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कुणीतरी, कधीतरी, कागदावर तो पोपट हाताने काढला होता. मग त्याचे स्कॅनिंग झाले, संगणकावर त्याच्या रेषा साफसूफ झाल्या, मधल्या मोकळ्या जागेत गिऱ्हाइकाचे नाव बसवले गेले आणि छपाई झाली. हाताने काढलेले चित्र आणि हाताने रंगवलेली टाइल यांत जे अंतर आहे, ते दुकानदाराच्या त्या एका वाक्यात दिसेनासे झाले होते. सजावटीच्या सिरॅमिक कलेत रेखाटन आणि संगणक एकत्र यावेत की नाहीत, हा वाद आता जुना झाला आहे. ते एकत्र आलेच आहेत. हात कुठपर्यंत होता आणि यंत्र कुठून सुरू झाले, हे घेणाऱ्याला सांगितले जाते की नाही, आणि मूळ रेघ ज्याची आहे त्याच्या पदरात काय पडते, हे दोन प्रश्न मात्र सार्वजनिक आहेत आणि त्यांना अजून उत्तर मिळालेले नाही.

आज बाजारात साधारण एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, कच्च्या ग्लेझवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपावर, कुंचल्याने रंगवून भट्टीत भाजलेली टाइल. दुसरी, कारखान्यात इंकजेट यंत्राने छापलेली. या यंत्रांची औद्योगिक सुरुवात २०००च्या सुमारास स्पेनमधल्या कास्तेयोन परिसरातून झाली आणि आपल्याकडे गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांनी ती उचलली. त्यातली शाई म्हणजे एक मायक्रॉनहूनही बारीक दळलेले खनिज रंग असतात, ते न भाजलेल्या ग्लेझवर उडवले जातात आणि टाइलबरोबरच सुमारे १२०० अंशांवर भाजले जातात. तिसरी वस्तू डिकलची: खनिज रंगांत छापलेला पातळ पापुद्रा पाण्यात सोडवून आधीच भाजलेल्या टाइलवर चिकटवायचा आणि ७५० ते ८५० अंशांच्या भट्टीत पुन्हा भाजायचा, म्हणजे पापुद्रा जळून जातो आणि रंग काचेत रुततो. चौथी म्हणजे सब्लिमेशन, आमच्या पाटीची जात. टाइलवर प्लास्टिकचा थर, त्यावर कागदावरून उष्ण दाबाने उतरवलेला रंग, आणि सगळा कारभार जेमतेम दोनशे अंशांत आटोपलेला. या प्रकारात रंगाने भट्टी पाहिलेलीच नसते. तो त्या प्लास्टिकमध्ये असतो, आणि ऊन त्याला खाते. पहिल्या तिन्ही वस्तू सिरॅमिक आहेत. चौथी सिरॅमिकवर चढवलेले चित्र आहे. इंकजेटची टाइल टिकाऊपणात हाताच्या टाइलला हार जात नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण हस्तकलेची बाजू घेताना यंत्राचा माल कच्चा असतो असे बेधडक सांगण्याची आपल्याला सवय आहे आणि त्या सवयीने खरा मुद्दा कमजोर होतो.

टिकाऊपणा म्हणजे काय, हे पाहायचे तर पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जावे. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली केलेल्या तिथल्या भिंतींवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. विषय वसाहतीच्या गौरवाचा आहे आणि त्यावर गोव्याच्या माणसाने काय म्हणावे हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल; पण निळा रंग नव्वद वर्षांनंतरही निळाच आहे. ती भिंत आतली आहे असे कुणी म्हणेल, तर याच कोलासोने १९३२ साली पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या सांतु इल्देफोन्सो चर्चच्या दर्शनी भिंतीवर सुमारे ११,००० टाइल लावल्या आणि त्या अटलांटिकच्या पावसात उघड्यावर उभ्या आहेत. पोर्तोच्याच सांव बेन्तु रेल्वे स्थानकात त्याच्या सुमारे २०,००० टाइल आहेत आणि त्यांच्यासमोरून रोज माणसे गाडी पकडायला धावतात.

हाताने रंगवणे म्हणजे नेमके काय होते, हे मला एका कार्यशाळेत स्वतः कुंचला धरेपर्यंत कळले नव्हते. एकदा भाजलेल्या टाइलवर, जिला या धंद्यात बिस्किट म्हणतात, पांढरे ग्लेझ ओतून ते वाळू दिलेले असते. त्या वेळी ते काचेसारखे नसते. भिंतीवरच्या कोरड्या चुन्यासारखे असते, बोट लागले तरी भुकटी निघते. त्यावर कोबाल्टचा, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाचा, कुंचला टेकला की ती भुकटी पाणी घटाघटा पिते. रेघ ओढायला लागलात की थांबण्याची सोय नाही. क्षणभर रेंगाळलात तर तिथे रंगाचा गोळा साचतो आणि भट्टीतून काळपट निळा डाग होऊन बाहेर येतो. कुंचल्यात पाणी कमी पडले तर तो ग्लेझच खरवडून वर आणतो. शिवाय कोबाल्ट त्या वेळी निळे दिसतच नाही, मळकट करडे दिसते, त्यामुळे गडद किती आणि फिकट किती याचा अंदाज डोळ्याने घेता येत नाही, तो मनगटाने घ्यावा लागतो. चुकले तर खोडता येत नाही. टाइल धुऊन, पुन्हा ग्लेझ देऊन, वाळवून नव्याने बसावे लागते. मी त्या दिवशी पाच टाइल धुतल्या. सहाव्या टाइलवर जे पान जमले, त्याच्या देठाशी रंग दाट आहे आणि टोकाशी पातळ, कारण तिथे कुंचला उचलला गेला. हातकामाची किंमत आपण ज्यासाठी मोजतो, तो हा उचललेला कुंचला आहे.

पण याच कार्यशाळेत आणखी एक गोष्ट दिसली, जी हातकामाच्या कट्टर अभिमान्यांना सहसा आवडत नाही. टाइलवर चित्र थेट कुणी काढत नाही. आधी ते पातळ कागदावर पूर्ण आकारात काढतात, रेघांवरून सुईने बारीक भोके पाडतात, तो कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटतात आणि कागद उचलला की करड्या ठिपक्यांची रांग मागे राहते. कुंचला त्या ठिपक्यांवरून फिरतो आणि कोळसा भट्टीत जळून जातो. हे पाहिल्याबरोबर मला कुडाळच्या बाजारातला खाके मारणारा आठवला, जो भरतकामाच्या साडीवर भोके पाडलेला कागद पसरून रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्याने फिरवत असे; आणि दिवाळीला दारोदार फिरणारे रांगोळीचे भोकांचे छापही आठवले. म्हणजे एका मूळ रेखाटनावरून अनेक नकला काढणे हा हस्तकलेचाच जुना भाग आहे. छपाईही नवी नाही. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली शपथपत्रावर सांगितले होते, की त्यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल छापल्या. आपल्या मुंबईत, १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने कुंभारकामाची शाखा चालत असे, आणि तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम १८७२पासून सुरू होते. गुहेतल्या भिंतीवरची नक्षी कागदावर आली आणि कागदावरून मडक्यांवर गेली. तेव्हा कागदाच्या जागी आज संगणकाचा पडदा आला, म्हणून हात बाटला असे मला वाटत नाही.

उलट, संगणक जिथे खाक्याच्या जागी बसतो, तिथे तो हाताचे काम वाढवतो. तीस टाइलचे मोठे चित्र भिंतीवर बसवायचे असेल, तर प्रत्येक दोन टाइलमधल्या सांध्याची जागा हिशेबात धरून चित्राचे चौकोन पाडावे लागतात. नाहीतर माणसाचा डोळा नेमका सांध्यात जातो. कागदावर हा हिशेब दोन दिवस खातो आणि गिऱ्हाइकाने शेवटच्या क्षणी ‘दारूची बाटली काढा, तिथे नारळ दाखवा’ म्हटले की पुन्हा पहिल्यापासून. संगणकावर तो तासाभरात होतो, आणि वाचलेला वेळ कुंचल्याकडे जातो. चित्रकार टॅबलेटवर रेखाटतो, भिंतीच्या फोटोवर चित्र ठेवून प्रमाण तपासतो, पूर्ण आकारातली छापील प्रत काढतो, सुईने भोके पाडतो आणि मग कोळसा व कोबाल्ट. यात मला काहीही खटकत नाही.

जुनी कामे दुरुस्त करताना तर याला पर्यायच उरलेला नाही. पोर्तुगालने २०१७ साली कायदा करून टाइल लावलेल्या दर्शनी भिंती मनाला येईल तशा पाडण्यावर देशभर बंधन आणले, कारण टाइल चोरून सुट्या विकण्याचा धंदा फोफावला होता. चित्रातल्या चार टाइल गेल्या की भोवतालच्या टाइलचे फोटो जोडून, समोरासमोरच्या नक्षीचा आरसा धरून, हरवलेली रेघ पडद्यावर पुन्हा उभी करता येते. ती रेघ नंतर कोणी आणि कशी भरायची, हा मात्र विवेकाचा प्रश्न आहे. माझे मत असे, की भरपाई हातानेच व्हावी, त्याच जातीच्या ग्लेझवर व्हावी, आणि टाइलच्या पाठीवर सालासकट नोंद असावी, म्हणजे शंभर वर्षांनी पाहणाऱ्याची फसगत होणार नाही.

बिघडते ते याच्या पुढे. रेखाटनाच्या ॲपमध्ये थरथरणारी रेघ आपोआप सरळ करण्याची सोय असते आणि ती बहुधा चालूच असते. चूक झाली तर दोन बोटे टेकवून मागे जाता येते. चाळीस वेळा मागे जाऊन मिळवलेली रेघ निर्दोष असते. पण कच्च्या ग्लेझवरच्या माणसाला मागे जाता येत नसल्यामुळे त्याच्या हातात जी सावधगिरी आणि जो धीटपणा येतो, तो तिच्यात नसतो. नंतर तीच निर्दोष रेघ हजार टाइलवर तशीच्या तशी छापली जाते. संगमरवराची नक्कल असलेल्या फरशा विकणाऱ्यालाही हा दोष ठाऊक आहे. म्हणून तो ‘यात आठ फेस आहेत’ असे अभिमानाने सांगतो, म्हणजे आठ वेगवेगळी छापचित्रे आलटून पालटून येतात. खोली मोठी असली तर नववी फरशी पहिलीसारखीच निघते, आणि एकदा ते लक्षात आले की डोळा दुसरे काही पाहतच नाही. हाताने रंगवलेल्या भिंतीत शंभर पोपट असले तर शंभरांच्या चोची निरनिराळ्या असतात. रंगाचीही मर्यादा आहे. भट्टीत टिकणारी खनिजे मोजकीच. त्यामुळे इंकजेटचे काम निळा, तपकिरी, पिवळा, काळा, गुलाबीसर अशा थोड्या शायांवर चालते, आणि पडद्यावर झळकणारा तेजस्वी लाल टाइलवर विटकरी होऊन येतो. पडद्यावर मान्य केलेले चित्र आणि भट्टीतून निघालेले चित्र यांतले हे अंतर ज्याने स्वतः रंग भाजून पाहिले आहेत, त्यालाच आधी दिसते. म्हणून सिरॅमिकसाठी फक्त संगणकावर काम करणारी आणि भट्टीपाशी कधीच न बसलेली पिढी तयार करणे मला घातक वाटते. कला शिक्षणात ही निवड आज होते आहे, कारण भट्टीला जागा लागते, वीज लागते, जळालेला माल फेकावा लागतो, आणि संगणकाला खोलीभर टेबले पुरतात.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. चित्र एकाचे आणि रंगवणारा दुसरा, हे तर आधीपासून चालत आले आहे. मग दुसऱ्या माणसाच्या जागी यंत्र आले तर बिघडले कुठे? १९५९ साली लिस्बनची मेट्रो सुरू झाली, तेव्हा अनेक स्थानकांच्या भिंतींची नक्षी मारिया काइल या चित्रकर्तीने केली होती आणि टाइल कारखान्याने बनवल्या होत्या. सगळ्या टाइल तिने स्वतः रंगवल्या असे कुणी म्हणत नाही, आणि तरीही त्या भिंती तिच्या आहेत. हे खरे आहे. पण तिथे दोन गोष्टी होत्या. नक्षी त्या भिंतीसाठी आखलेली होती, आणि कारखान्यातला कारागीर, बिननावाचा का होईना, त्या रेघेचा अर्थ लावत होता. यंत्र अर्थ लावत नाही, ते उतरवते. हे उतरवणे वाईट नाही. स्वस्त घरातल्या मोरीला सुंदर भिंत त्यामुळेच मिळते, आणि ती मिळायलाच हवी. फक्त त्याला रंगवणे म्हणू नये.

नावाचा हा आग्रह काहींना पंडिती वाटेल. पैठणी घेणाऱ्या बाईला तो तसा वाटणार नाही. यंत्रमागाची नक्कल आणि हातमागाची पैठणी यांतला फरक ओळखायला ती पदर उलटून पाहते, कारण हाताने विणलेल्या पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच साफ असते. तरीही सगळ्यांना ते ओळखता येत नाही, म्हणून २००६ साली केंद्र सरकारने ‘हँडलूम मार्क’ आणला. त्या खुणेने नक्षी संगणकावर आखायला मनाई केलेली नाही. कापड हातमागावर विणले आहे एवढेच ती सांगते. सिरॅमिकला अगदी असाच साधा नियम हवा. टाइलच्या पाठीवर, भाजलेल्या अक्षरांत, चारपैकी एक नोंद: हाताने रंगवलेली, इंकजेट, डिकल, किंवा सब्लिमेशन. रंगवलेली असेल तर रंगवणाऱ्याचे नाव किंवा खूण. भौगोलिक मानांकन जयपूरच्या निळ्या भांड्यांना आणि खुर्जाच्या कुंभारकामाला मिळालेले आहे. पण ते प्रामुख्याने गाव सांगते, आणि त्या टाइलवर कुंचला फिरला की यंत्र, हे घेणाऱ्याला दुकानात उभे राहून कळायला हवे.

दुसरा प्रश्न रेघेच्या मालकीचा, आणि इथे कायदा चित्रकाराला ठाऊक नसलेल्या ठिकाणी चिमटा काढतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी जर नोंदवलेली नसेल आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने ती औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वस्तूंवर उतरवली असेल, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! हाताने रंगवणाऱ्याला एकाच नमुन्याच्या पन्नास टाइल करायला कित्येक दिवस जातात. इंकजेटच्या पट्ट्यावरून त्या काही मिनिटांत निघतात. स्वतंत्र चित्र कोणते आणि वस्तूवर लावायची नक्षी कोणती, यावर न्यायालयात वाद होतात आणि होत राहतील. पण कोकणातला किंवा गोव्यातला एखादा तरुण चित्रकार आपली वेलबुट्टी एकरकमी पैसे घेऊन कारखान्याला देतो, नोंदणी करत नाही, आणि दोन वर्षांनी तीच वेलबुट्टी तिसऱ्याच्या मालावर पाहतो, तेव्हा वकिलाकडे जाण्याएवढे पैसे त्याच्यापाशी नसतात. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षे, आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. कला महाविद्यालयांनी हे शेवटच्या वर्षी शिकवावे, आणि कारखान्याशी करार करताना प्रत्येक खेपेच्या छपाईवर मोबदला मागावा, एकरकमी व्यवहार नाकारावा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे आज गोव्यात टाइलवर सर्वत्र दिसतात. एवढ्या मोठ्या नावाभोवती उभे राहायला माणसे असतात. बिननावाच्या हाताभोवती कुणी नसते, आणि नियम त्याच्यासाठीच लागतात.

सार्वजनिक भिंतींबाबत माझी मागणी अधिक स्पष्ट आहे. रेल्वे स्थानक, बसस्थानक, नाट्यगृह, नगरपालिकेची इमारत इथे सजावटीसाठी करदात्याचा पैसा जातो. निविदेत ‘सिरॅमिक म्युरल’ असे मोघम लिहिले आणि दर चौरस फुटाला सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम दिले, तर ते काम छपाईकडेच जाणार, कारण हातकाम त्या स्पर्धेत उतरूच शकत नाही. म्हणून पद्धत निविदेतच नमूद करावी. जिथे दहा हजार टाइल लागतात तिथे मागचा पसारा छापील असू द्या, पण डोळ्यांच्या उंचीवरचा, माणूस जवळून पाहील तो पट्टा, हाताने रंगवून घ्यावा. चित्रकाराचे आणि रंगवणाऱ्यांचे नाव भिंतीवरच भाजावे. आणि बाहेरच्या भिंतीवर सब्लिमेशनला मुळीच परवानगी नसावी. मिश्र काम असे करता येते, आणि त्यातून चार-दोन मुलांना वर्षभर कुंचला हाती धरायला मिळतो. तेवढ्या सरावाशिवाय मनगटात ती रेघ येत नाही.

आमच्या फाटकाशी आता दुसरी पाटी आहे. या वेळी नक्षी टॅबलेटवर काढली गेली, मी ती फोनवर तीनदा बदलून घेतली, आणि ‘मालती’मधल्या वेलांटीचा फराटा वेलीत कसा मिसळावा हेही पडद्यावरच ठरले. मग रंगवणाऱ्या मुलीने खाका पाडून ती हाताने उतरवली. त्या वेलांटीच्या टोकाशी निळा किंचित साचला आहे; तिथे तिचा हात थांबला असावा. लावण्याआधी मी पाटी उलटून पाहिली. पाठीवर तिने कोबाल्टनेच आपले नाव, वर्ष, आणि ‘खाका संगणकावर, रंग हाताने’ एवढे लिहिले होते, आणि तेही टाइलबरोबर भाजले गेले होते. गवंड्याने सिमेंट लावायला घेतले, तेव्हा मी त्याला दोन मिनिटे थांबवून त्या पाठीचा फोटो काढून ठेवला.